शपथ घेतली, आता बादल्या कुठे रिकाम्या करू?

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते ते लिहिलं होतं आणि या खेपेला कुरडयांच्या चिकाबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. पण ते थोडं पुढे ढकलते. कारण दोन-तीन मैत्रिणींनी पत्रांतून एकच प्रश्न विचारलाय. घरी आम्ही ओला-सुका कचरा वेगळा करतो, पण घंटागाडीवाला सगळा एकत्र टाकतो, मग आम्ही कशाला हात घाण करायचे? ह्या प्रश्नावर मी स्वतः तीन वर्षं भांडते आहे. घरात भांडले, गल्लीत भांडले आणि नगरपालिकेतही. तेव्हा जरा सविस्तरच सांगते.

सुरुवात झाली जानेवारी २०२३ मध्ये. मी आमच्या गावातल्या एका शाळेत अर्धा दिवस मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवते. एक दिवस मोठ्या बाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, "आठवीच्या सगळ्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून वसुंधरेची शपथ भरून घ्यायची आहे. नगरपालिकेचा निरोप आहे. शुक्रवारपर्यंत."

ही शपथ म्हणजे 'माझी वसुंधरा' अभियानातली. तुमच्या गावातही पाटी लागलेली असेल. राज्य सरकारच्या पर्यावरण आणि वातावरणीय बदल विभागाने २ ऑक्टोबर २०२० ला हे अभियान सुरू केलं. पहिल्या वर्षी महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि मोठ्या ग्रामपंचायती मिळून शेकडो संस्था त्यात होत्या, पुढे हजारोंनी वाढल्या. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पाच महाभूतं धरून गावाला गुण द्यायचे. झाडं किती लावली, कचरा कसा हाताळला, सौरदिवे किती, पाणी किती जिरवलं, लोकांनी शपथा किती घेतल्या. ज्याला गुण जास्त त्याला बक्षीस. कल्पना वाईट मुळीच नाही. नुसतं 'पर्यावरण वाचवा' म्हणून कुणी हलत नाही, शेजारच्या गावाला नंबर मिळाला म्हटलं की हलतं.

मी मुलांना कामाला लावलं. मुलांनी आई-वडिलांचे मोबाईल आणले आणि एका दुपारी आम्ही पटापटा दोनशेच्या वर शपथा भरल्या. विजेची बचत करीन, कचरा वेगळा करीन, झाड लावीन. एका मुलाने विचारलं, "बाई, आजीची पण भरू का? ती आता बेंबळ्याला असते." मी म्हटलं, भर. मोठ्या बाई खूष झाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला घंटागाडी आली. मी हिरवी बादली दिली, निळी दिली. गाडीवरच्या माणसाने दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उपड्या केल्या. शाळेत दोनशे शपथा भरून आलेली बाई मी! तिथेच उभी राहून त्याला दहा मिनिटं सुनावलं. तो बिचारा निमूट ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, गाडीला कप्पा एकच आहे. आणि डेपोवर खड्डापण एकच आहे. मी कुठं वेगळं टाकू?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रागात पुढचे तीन-चार महिने मी कचरा वेगळा करणंच सोडून दिलं. सासूबाईंनी दोनदा टोकलं. "पूर्वी आपल्याकडे परसात उकिरडा होता, तेव्हा बरं होतं," असंही म्हणाल्या. मी ऐकलं नाही. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी हे करू नये हे मलाही कळत होतं, पण केलं.

मग मे महिना उजाडला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी डेपोच्या पलीकडच्या वस्तीत राहतात. त्या तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या खोकतच. डेपो पेटला होता. दर उन्हाळ्यात पेटतो, आमच्यापर्यंत धूर येत नाही म्हणून आम्हाला पत्ता नसतो इतकंच. त्यांच्या नातवाला रात्रभर धाप लागत होती, म्हणून सरकारी दवाखान्यात नेऊन वाफ दिली. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "वहिनी, वरून पाणी मारत्यात, आग आतूनच येती. आत काय जळतंय तेच कळंना."

आत काय जळतं ते मी रात्री वाचून काढलं, आणि वाचल्यावर माझीच मला लाज वाटली. आपल्या भाजीच्या देठांचं, उरलेल्या भाताचं, चहाच्या चोथ्याचं असं होतं की त्याला हवा मिळाली तर ते कुजून खत होतं. हवा मिळाली नाही, वर प्लास्टिकचे आणि मातीचे थर बसले, की ते आतल्या आत सडतं आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हाच गोबर गॅसच्या टाकीत निघतो आणि आपण त्यावर स्वयंपाक करतो. तो पेटणाराच! उन्हाने आणि सडण्याच्या उष्णतेने डेपोत ठिणगी पडली की प्लास्टिकसकट सगळं जळायला लागतं. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६ मध्ये अशीच आग लागली होती. धूर कित्येक दिवस हटला नाही, काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि पेट न घेता हा मिथेन नुसता वर गेला तरी काम चोख करतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता अडवून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पटींच्या घरात धरतात. वीस वर्षांचा हिशेब धरला तर ऐंशी पटींच्या आसपास.

म्हणजे चार महिने रागापायी मी जे देठ आणि साली एकत्र टाकत होते, ते मावशींच्या घरामागे जाऊन पेटत होते.

आमच्या ह्यांना आकडे फार आवडतात. मी कचऱ्याचं पुराण लावलं तशी त्यांनी मुंबईचा आराखडा काढून दाखवला. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचा हिशेब आहे. शहरातून वर्षाला सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू गेले, म्हणजे माणशी पावणेदोन टनांच्या आसपास. त्यातले ७२ टक्के विजेमुळे आणि इंधनामुळे, २० टक्के वाहतुकीमुळे आणि कचऱ्याचे फक्त ८. "आठ टक्क्यांसाठी तू एवढा गोंधळ घालतेस?" असं हे म्हणाले.

मी गप्प बसले, पण मनातून हा मुद्दा जाईना. दोन दिवसांनी पोळ्या लाटताना उत्तर सुचलं. मुंबईची बहुतेक वीज कोळशावर होते, ती विजेची केंद्रं काही महानगरपालिकेच्या मालकीची नाहीत. पेट्रोलचा भाव, मोटारींचे कारखाने, तेही तिच्या हातात नाहीत. पण कचरा? तो घरातून उचलण्यापासून डेपोत टाकण्यापर्यंत सगळा तिच्याच हातात आहे. तेव्हा नगरपालिकेने शपथ घेतली की आधी तिथे बघायचं. सासूबाई मला हेच सांगायच्या, माहेरून काय येईल त्याची वाट न बघता आधी डब्यात काय आहे ते बघ.

मुंबईने त्या आराखड्यात शब्द दिलाय की २०१९ च्या मानाने २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के उत्सर्जन कमी करू आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणू. देशाने २०७० चा शब्द दिलाय, म्हणजे हा वीस वर्षं आधीचा. २०२१ साली राज्यातल्या ४३ शहरांनीही शून्याच्या शर्यतीत आपलं नाव घातलं. आमचं गाव लहान, ते त्या ४३ मध्ये नाही. आमच्याकडे फक्त पाटी आणि शपथा.

पण मुंबईची एक गोष्ट मला मनापासून आवडली. जून २०२४ मध्ये त्यांनी हवामानाचा अर्थसंकल्प मांडला. नॉर्वेतल्या ओस्लो शहराने ही पद्धत आधी पाडली. त्यात करायचं ते एवढंच की नेहमीचा जमाखर्च मांडताना प्रत्येक खर्चापुढे लिहायचं, ह्याने उत्सर्जन कमी होणार की नाही, पूर-उष्मा सोसायला मदत होणार की नाही. म्हणजे आपली हिशेबाची वही! आपण नाही का वाणसामानाच्या यादीपुढे खूण करत, हे नडीचं, हे हौसेचं? नुसतं 'यंदा काटकसर करायची' असं पाडव्याला ठरवून काही होत नाही, वहीत उतरलं तरच महिनाअखेरीला कळतं. शपथेचंही तसंच. तिच्यापुढे रुपये लिहिलेत का, हे विचारावं.

तर जूनमध्ये आमच्या भिशीच्या अकराजणी नगरपालिकेत गेलो. अर्ज मीच लिहिला. त्यात भावना-बिवना काही घातल्या नाहीत, तीनच प्रश्न विचारले. घंटागाडीला दोन कप्पे कधी करणार? डेपोवर ओल्या कचऱ्याचं खत कधीपासून? आणि गावाने जी शपथ घेतली तिच्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम धरली आहे? २०१६ सालीच घनकचऱ्याचे नियम आले होते आणि वेगवेगळा कचरा वेगवेगळा उचलायचं काम त्यांनी स्थानिक संस्थांवर टाकलं होतं, तेही खाली लिहिलं. तेव्हा निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे नगरसेवक नाहीत, प्रशासकांचा कारभार. पन्नास टक्के जागा बायकांना २०११ पासून दिल्या आहेत, पण खुर्चीतच कुणी नाही तर सांगायचं कुणाला? आवक खिडकीवरचा कारकून म्हणाला, "शपथेचं ना? ती फाईल वर पाठवली, म्याडम. आपल्याला गुण चांगले पडलेत." आमच्यातल्या एक काकू, पेन्शनर बाई, चटकन म्हणाल्या, "अहो, गुण पडले ते आम्हाला माहीत आहे. शपथा ह्यांनीच भरल्या. आता अभ्यास कधी करणार ते विचारतोय."

आम्हाला तीन खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला एक तरुण अभियंता भेटले, आमच्या शाळेच्या मुलांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे असतील. त्यांनी मात्र आम्हाला बसवून घेतलं आणि खरं ते सांगितलं. म्हणाले, "ताई, कचऱ्याचं करू, पण पालिकेचं खरं दुखणं विजेचं बिल आहे. धरणातून पाणी उपसून टाकीत चढवायचं, त्यातच सगळ्यात जास्त वीज जाते. रस्त्यावरचे दिवे त्या मानाने कमी, ते तर आता एलईडी झाले. आणि चढवलेलं पाणी वाटेत गळतं ते वेगळंच."

मैत्रिणींनो, मला हे कधी सुचलंच नव्हतं. नळाला पाणी येतं ते काही फुकट वाहत येत नाही. कोळसा जाळून वीज करतात, विजेने पंप चालतो, पंपाने पाणी चढतं, आणि आपण सकाळी कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतून ताजं भरतो! आमच्याकडे हा प्रकार वर्षानुवर्षं चालू होता. आता बंद केलाय. पाणी झाकून ठेवलेलं असेल तर एका रात्रीत शिळं होत नाही. हे सासूबाईंना पटवायला मला अभियंत्यांचं नाव सांगावं लागलं.

घरी येऊन मीही वही काढली. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे सिलिंडरमागे ४२ किलो. आमचा सिलिंडर दीड महिना जातो, तेव्हा महिन्याला अठ्ठावीस किलो धरा. आता वीज. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम. आमचं बिल महिन्याला १४० युनिटचं, म्हणजे जवळजवळ ९८ किलो. गॅसच्या तिपटीहून जास्त! मी इतकी वर्षं डाळ भिजवून, कुकरची शिट्टी मोजून गॅस वाचवत होते, ते चांगलंच. पण डोक्यावर घरघरणारा जुना पंखा आणि रात्रभर बाहेरच्या खोलीत उगाच जळणारा दिवा, तिकडे लक्ष नव्हतं. आता सौर वीज बसवायचं चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, तीत छतावर दोन किलोवॅट बसवलं तर ६० हजार, तीन किलोवॅट असेल तर ७८ हजारांचं अनुदान ठरवलं गेलं. पण आमचं छत तिघा जावांचं सामाईक. सौर पत्रे कुठे आणि पापड कुठे वाळवायचे, ह्यावर अजून एकमत व्हायचंय.

बरं, कचऱ्याचं पुढे काय झालं? दसऱ्यापासून आमच्या भागातल्या दोन गाड्यांना मधे पत्रा ठोकून कप्पे केले. डेपोवर ओल्यासाठी वेगळे खड्डे खणले. फार मोठं काम नाही, पण झालं. मात्र रविवारी बदली गाडी येते तिला अजून पत्रा नाही. म्हणून रविवारचा ओला कचरा आम्ही देतच नाही, घरी जिरवतो. पत्रलेखक मैत्रिणींना माझं हेच सांगणं आहे की तुमची गाडी सुधारेपर्यंत निदान ओला कचरा तरी बाहेर जाऊ देऊ नका. जागा फार लागत नाही.

रंगाचा रिकामा डबा किंवा फुटक्या कानाचं मडकं घ्या. बुडाला आणि अंगाला भोकं पाडा, खाली दोन विटा ठेवा. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला. रोजची देठं-साली बारीक करून टाकायच्या आणि वर तेवढाच वाळका पाला पसरायचा. सगळ्या चुका इथेच होतात. पाला कमी पडला की ओल वाढते, वास सुटतो, मग घरातले नाकं मुरडतात. वास आला तर आणखी पाला नाहीतर लाकडाचा भुसा घालून चांगलं ढवळावं, हवा लागू द्यावी. फार कोरडं दिसलं तर पाण्याचा हबका. आंबट ताक किंवा गूळपाणी थोडं शिंपडलं तर लवकर धरतं. उरलेली तेलकट भाजी, मटणाची हाडं टाकू नका, उंदीर येतात. लिंबाच्या साली थोड्याच टाकाव्यात. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. मी किंचाळले होते. त्या कामाच्या असतात, पाला घातला की कमी होतात. अडीच-तीन महिन्यांत खाली काळंभोर, मातीचा वास येणारं खत तयार होतं. पहिलं खत मिळालं की त्यातलं ओंजळभर पुढच्या डब्यात घालायचं, दह्याला विरजण लावतो तसं.

ह्या विरजणावरूनच एक गंमत. जानेवारी २०२४ च्या संक्रांतीला त्याच पेन्शनर काकूंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटलं असेल? कागदाच्या पुडीत मूठमूठ तयार खत, वर हळदीकुंकवाची बोटं आणि तिळगूळ! सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "जन्मात कधी कुणी हळदीकुंकवाला कचरा दिला नव्हता." दोन दिवस पुडी ओट्याच्या कोपऱ्यात तशीच पडली होती. तिसऱ्या दिवशी पाहते तर त्यांच्या तुळशीत रिकामी केलेली. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. यंदा मात्र प्लास्टिकच्या डब्या वाण म्हणून आणू नकोस असं मला त्यांनीच सांगितलं.

ह्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत डेपो पेटला नाही असं मला लिहायला आवडलं असतं. पण पेटला. २०२४ मध्ये एकदा, जुन्या ढिगाला, कारण तळाशी कित्येक वर्षांचा साचलेला कचरा तसाच आहे. तो उपसून चाळायचं काम अजून व्हायचंय. मावशी म्हणाल्या की धूर एकच दिवस होता. नातू आता पाच वर्षांचा झालाय, बालवाडीत जातो, पण उन्हाळा आला की त्या त्याला बहिणीकडे पाठवतात.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि आमच्या वॉर्डात नगरसेविका निवडून आल्या. ह्या संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवाला मुद्दाम बोलावलं. तिळगूळ दिला, ओटी भरली आणि जुन्या अर्जाची प्रत हातात ठेवली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडीच वर्षं झाली तरी आलेलं नव्हतं. शिवाय त्यात आता चौथा घातलाय. पाण्याच्या पंपाचं महिन्याचं वीजबिल किती आणि पोस्टासमोरची जलवाहिनी कधी दुरुस्त होणार? ती गळती आम्ही तिघीजणी आळीपाळीने वहीत तारखेनिशी लिहून ठेवतो आहोत. नगरसेविका नवीन आहेत, थोड्या बिचकल्या, पण अर्ज त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, अंदाजपत्रकाची सभा असेल त्या दिवशी तुम्ही दोघी-तिघी येऊन मागे बसा. मला बोलायला बरं पडेल."

आम्ही पाचजणी गेलो होतो. तिथे काय झालं ते कुरडयांच्या नंतर लिहीन.